शिंपल्यातला रॉबिन आणि अघासुराचे तोंड

गुरुवार, १२ जानेवारी १९६७. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या मालिकेचा शेवट झाला, तेव्हा एका अजस्र शिंपल्याने एका पोराला गिळलेले होते. पोराचे नाव रॉबिन. त्याचा गुरू, पालक आणि जोडीदार असलेला बॅटमन जवळच बांधून ठेवलेला. निवेदकाने आपल्या नेहमीच्या घाबऱ्या आवाजात दोनचार प्रश्न विचारले आणि पुढच्या भागाची वेळ सांगितली. पुढचा भाग बुधवारी, १८ तारखेला होता.

हे सहा दिवस महत्त्वाचे आहेत. ‘बॅटमन’ ही मालिका आठवड्यातून दोनदा लागे, बुधवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी साडेसात वाजता. बुधवारचा भाग नायकांना मरणाच्या दारात सोडून थांबायचा आणि गुरुवारी सुटका व्हायची. मधे एकच रात्र. मुलांनी एक रात्र तळमळावे, शाळेत एक दिवस तर्क लढवावेत, आणि जेवणाआधी उत्तर मिळावे, असा तो बेत होता. जानेवारी १९६७ मध्ये मात्र जोकर आणि पेंग्विन या दोन खलनायकांची राशिचक्रावरची एक कथा तीन भागांत पसरली. त्यामुळे दुसरा भाग गुरुवारी संपला आणि रॉबिन शिंपल्याच्या पोटात अख्खा शनिवार-रविवार धरून सहा दिवस राहिला.

मराठी दिवाळी अंकात या शिंपल्याचे काय काम, असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. पण लोककथा, पोथ्या आणि कीर्तनातली आख्याने यांच्या मागे फिरताना माझ्यापुढे एक प्रश्न बरीच वर्षे उभा आहे. गोष्ट सांगणारा गोष्ट कुठे थांबवतो? आणि थांबवताना संकटात कुणाला ठेवतो? थोराला ठेवतो की पोराला? या प्रश्नाचे सर्वांत उघडेवाघडे उदाहरण मला या अमेरिकन मालिकेत सापडले.

मालिकेची माहिती थोडक्यात देतो. १२ जानेवारी १९६६ ला ती सुरू झाली, १४ मार्च १९६८ ला संपली. एकूण १२० भाग. बॅटमन झाला ॲडम वेस्ट, रॉबिन झाला बर्ट वॉर्ड. निर्माता विल्यम डोझियर हाच निवेदकही होता. तो घाबरा आवाज त्याचाच. मारामारीत ठोसा बसला की पडद्यावर मोठ्या अक्षरात आवाजाचे शब्द उमटत. सगळे रंग भडक, संवाद अतिगंभीर, आणि प्रसंग इतके अशक्य की थोरांनी हसावे. गंमत अशी की लहानांनी हसू नये, ही सोयही त्याच संवादांत होती. बॅटमन एकदाही हसून सांगत नाही की हा खेळ आहे. हक्कांच्या भांडणामुळे ही मालिका कित्येक वर्षे घरी पाहण्याच्या स्वरूपात मिळत नव्हती. २०१४ साली तिचा संपूर्ण संच निघाला. त्यानंतर मी ती क्रमाने, वही घेऊन पाहिली. घरच्यांनी या अभ्यासाला जे नाव दिले ते इथे छापण्याजोगे नाही.

पहिल्याच भागात सगळा साचा दिसतो. रिडलर नावाच्या कोडीबहाद्दर चोराच्या मागावर बॅटमन एका नाचघरात जातो. रॉबिनला तो बाहेर गाडीतच बसवतो, कारण पोरगा अल्पवयीन आहे आणि अशा ठिकाणी अल्पवयीनाने जाऊ नये. कायदा पाळणारा नायक! आत बॅटमनच्या पेयात गुंगीचे औषध मिसळले जाते, तो विचित्र हातवारे करत नाचतो आणि कोसळतो. बाहेर एकट्या बसलेल्या रॉबिनला बेशुद्ध करून रिडलर पळवतो. भागाच्या अखेरीस रॉबिनचे डोके लोहाराच्या शेगड्यासारख्या पकडीत अडकवलेले असते आणि रिडलर तिचा दांडा फिरवायला सज्ज असतो. पोराला सुरक्षित ठेवण्यासाठी बाहेर ठेवले, आणि बाहेर ठेवले म्हणूनच तो सापडला. हा तिढा पटकथाकाराने सहज लिहिला असेल, पण ज्याला ज्याला मूल आहे त्याला तो ओळखीचा वाटेल.

दुसरा एक सापळा मला विशेष आवडतो. एप्रिल १९६६ मधल्या कथेत बुकवर्म नावाचा खलनायक आहे, म्हणजे शब्दशः पुस्तकी किडा. त्याचे सारे गुन्हे पुस्तकांवरून बेतलेले. तो रॉबिनला मनोऱ्यावरच्या एका प्रचंड घंटेच्या लोलकाला बांधतो. बारा वाजले की लोलक हलणार आणि पोराचेच डोके घंटेवर आपटणार. आपल्या देवळांत घंटा वाजवायला लहान मूल कडेवर घेऊन उचलतात. त्याचे हे उलटे चित्र पाहून मी चपापलो होतो. (ग्रंथप्रेमी माणूस खलनायक असू शकतो, ही कल्पनाही या अंकाच्या वर्गणीदारांनी मनावर घेऊ नये.)

या सर्व सापळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. खलनायक सापळा लावतो आणि निघून जातो. मरण पाहायला थांबत नाही. समीक्षकांनी याची थट्टा खूप केली आहे. पण मला वाटते यात एक हिशेब आहे. पोराला मारणे हा खलनायकाचा मुख्य हेतूच नसतो. पोर हे आमिष असते. त्याला धरले की मोठा आपोआप येतो, किंवा मोठ्याचे हात बांधले जातात.

इथे मला भागवतातला अघासुर आठवतो. दशम स्कंधाच्या बाराव्या अध्यायात तो अजगराचे रूप घेऊन वाटेवर तोंड वासून पडतो. कृष्णाचे सवंगडी आणि वासरे ही गुहा समजून, गंमत म्हणून, टाळ्या वाजवत आत शिरतात. अघासुर लगेच तोंड मिटत नाही. तो थांबतो. कृष्ण आत येईपर्यंत जबडा उघडा ठेवतो, कारण त्याला गोपाळांशी काही देणेघेणे नाही. बहीण पूतना आणि भाऊ बकासुर यांना मारणारा कृष्ण त्याला हवा आहे. मग कृष्ण आत शिरतो, घशातच वाढू लागतो, राक्षसाचा श्वास कोंडतो आणि मस्तक फुटून बाहेर पडतो. पडलेल्या पोरांना तो नुसत्या दृष्टीने उठवतो. शिंपल्याच्या कथेतही बॅटमन स्वतःची बंधने तोडून शिंपल्याचा जबडा फाकवतो आणि पोर बाहेर येते. हॉलीवूडच्या लेखकांनी भागवत वाचले होते असा दावा मी करणार नाही. असले दावे करणारे लोक आपल्याकडे पुरेसे आहेत. जबड्यात सापडलेले लहान आणि जबडा फाडणारा थोर हे चित्र कुठल्याही गावात उगवू शकते.

फरक दोन चित्रांच्या मधल्या थांब्यात आहे.

आमच्याकडे श्रावणात आजोबा पोथी लावत. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ ३६ अध्यायांचा, ‘रामविजय’ ४० अध्यायांचा, ‘पांडवप्रताप’ ६४ अध्यायांचा. अठराव्या शतकाच्या पहिल्या बारा वर्षांत लिहिलेले हे तिन्ही ग्रंथ बीड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत अजून वाचले जातात. आजोबांचा एक दंडक होता. पोथी वाईट जागी बांधायची नाही. अभिमन्यू चक्रव्यूहात पडला की त्या रात्री कितीही उशीर होवो, जयद्रथाचा वध होईपर्यंत वाचन चाले. कंदिलात तेल घातले जाई, पोरे भिंतीला टेकून झोपत, पण कुणाचे प्रेत रणात टाकून श्रोते घरी जात नसत. लक्ष्मण मूर्च्छित पडला असेल तर द्रोणागिरी येऊन तो उठेपर्यंत ग्रंथाला फडके गुंडाळत नसत. मी इतर गावांतही हाच रिवाज ऐकला आहे. कारण विचारले की म्हातारी माणसे एवढेच म्हणत, ‘अर्ध्यावर ठेवू नये, घराला बरं नाही.’

कीर्तनकाराचा डाव निराळा. आख्यान रंगात आले, संकट शिगेला पोचले की तो मधेच नामगजर धरतो. टाळ वाजतात, आरतीचे ताट फिरते, नाणी पडतात, आणि मग महाराज पदर सावरून पुन्हा गोष्टीत येतात. म्हणजे थांबा आहे, त्या थांब्यावर पैसेही आहेत. पण त्याच रात्री, त्याच मांडवात सुटका आहे. डोझियरने मध्ये एक रात्र घातली आणि ताटाच्या जागी जाहिराती ठेवल्या. ही युक्तीही त्याची नव्हे. १९४३ साली कोलंबिया कंपनीने बॅटमनचा १५ भागांचा चित्रपट-सिरियल काढला होता. दर आठवड्याला थिएटरात एक भाग, शेवटी नायक संकटात. १९६५ मध्ये तो सगळा एकसलग पुन्हा दाखवला गेला, तेव्हा कॉलेजातली मुले हसून लोळली, आणि नवी मालिका त्या हशाच्या लाटेवर आली.

आता रॉबिनच्या जन्माकडे येतो, कारण तिथे मला बीडच्या आठवडी बाजाराचा वास येतो.

बॅटमन १९३९ साली कॉमिक्समध्ये आला. एकटा, काळा, अबोल. कथा लिहिणाऱ्या बिल फिंगरला अडचण पडू लागली की हा बोलणार कुणाशी? होम्सला वॉटसन आहे, याला कुणी नाही. म्हणून एप्रिल १९४० च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८ व्या अंकात एक मुलगा आणला गेला. नाव आणि पोशाख रॉबिन हूडवरून सुचले, असे चित्रकार जेरी रॉबिन्सनने पुढे सांगितले. मुलाचे खरे नाव डिक ग्रेसन. आईबाप सर्कशीत उंच झोक्यावर कसरती करणारे. खंडणी नाकारणाऱ्या सर्कसवाल्याला धडा शिकवायला गुंडांनी झोक्याच्या दोरांवर आम्ल टाकले, भर खेळात दोर तुटले, आणि प्रेक्षकांच्या देखत पोर अनाथ झाले. बॅटमनने त्याला घरी नेले.

म्हणजे रॉबिन हे डोंबाऱ्याचे पोर आहे. आमच्या बाजाराच्या दिवशी दोन बांबूंच्या कैच्या उभ्या राहतात, मधे दोर ताणला जातो, आणि सातआठ वर्षांची पोरगी हातात आडवी काठी घेऊन त्यावर चालते. खाली बाप ढोलकी वाजवतो. पोरगी दोराच्या मधोमध आली की ढोलकी थांबते. पोरगी तशीच, वाऱ्यावर. मग आई थाळी घेऊन गर्दीतून फिरते. लोक पैसे टाकतात ते कौतुकाने टाकतात, दयेने टाकतात, आणि ‘आता खाली घ्या तिला’ म्हणूनही टाकतात. मालिकेतल्या बुधवारच्या शेवटाची मला माहीत असलेली सगळ्यात जुनी प्रत ही आहे. फक्त इथे दोर खरा, उंची खरी आणि पोरगीही खरी. अलीकडे पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतो, ‘हिची शाळा?’ बाप ऐकले न ऐकलेसे करतो.

हॉलीवूडमध्येही थोडे खरे होतेच. बर्ट वॉर्डचा जन्म १९४५ चा; मालिका सुरू झाली तेव्हा तो विशीचा, नवखा होता आणि त्याला आठवड्याला ३५० डॉलर मिळत, असे त्यानेच सांगितले आहे. बॅटमनचा चेहरा टोपडीखाली जवळजवळ पूर्ण झाकलेला असतो, त्यामुळे धोक्याच्या प्रसंगांत ॲडम वेस्टच्या जागी डमी उभा करता येई. रॉबिनचा मुखवटा मात्र डोळ्यांपुरता. डमी लगेच ओळखू येतो. म्हणून स्फोटाच्या, पडझडीच्या जागी खुद्द वॉर्डला उभे करत, आणि चित्रीकरणाच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याला वारंवार रुग्णालयात जावे लागले. आपला डमी बाजूला बसून वेस्टबरोबर कॉफी पीत असल्याचे त्याने विनोदाने लिहिले आहे. १९९५ साली आलेल्या त्याच्या आत्मकथनात तिखटमीठ भरपूर आहे, ते सगळे खरे मानण्याची गरज नाही. पण मुखवट्याच्या मापाचा हा हिशेब पटण्यासारखा आहे. मोठ्याचा चेहरा झाकलेला, म्हणून तो बदलता येतो. पोराचा उघडा.

मराठीत या जातीचा पोरगा शोधू गेले तर काय दिसते? कृष्णाचा पेंद्या आहे. गौळणीतला, काल्यातला, तमाशातला पेंद्या हसवतो, खातो, रुसतो. त्याच्यासाठी कुणी श्वास रोखून धरत नाही. इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून ‘वेताळ’ आणला, त्याच्याभोवती जंगल होते, लांडगा आणि घोडा होता, आमची पिढी त्यावर पोसली. पण तिथेही मुलाची भूमिका प्रजेची, जोडीदाराची नव्हे. आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे सतत संकटात सापडतो. त्याच्या तोंडी ‘ट्टॉक्’ आहे, रॉबिनच्या तोंडी ‘होली’ या शब्दाला कुठलाही शब्द जोडून केलेला उद्गार आहे. भीतीच्या क्षणी पोराने काहीतरी गमतीचे बोलावे, ही दोन्हीकडची गरज एकच. पण फेणेला बॅटमन नाही. तो स्वतःच्या डोक्याने सुटतो. दूरदर्शनवर सुमीत राघवनने केलेला फेणे आमच्याकडे शेजारच्या घरी जमून पाहिला गेला, तेव्हा पोरांना सायकल हवी झाली. कुणाला तारणहार हवा झाला नाही. भागवतांचे हे मोठेपण आपण पुरेसे ओळखलेले नाही, असे माझे मत आहे.

तारणहार आला तो १९९७ साली. १३ सप्टेंबरला दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली आणि मार्च २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना, ज्यांना लोक ‘महाभारता’तले भीष्म म्हणून ओळखत होते, ते तांबड्या पोशाखात गरगर फिरत आकाशातून उतरू लागले. एरवी ते पंडित गंगाधर, वर्तमानपत्राचे बावळट छायाचित्रकार. संकटात सापडायची ती बहुधा बातमीदार गीता विश्वास. मालिकेत मुले होती, पण कायमचा, नावाचा, नायकाबरोबर उडणारा पोरगा नव्हता. शक्तिमानला रॉबिन नव्हता.

आणि इथे माझ्या मते मोठी गोम आहे. फिंगर आणि केन यांनी रॉबिन आणला तो बोलायला कुणी हवे म्हणून, पण त्याचा खरा उपयोग दुसराच झाला. वाचणाऱ्या मुलाला गोष्टीत बसायला एक जागा मिळाली. संकट आले तर ते रॉबिनवर येई. मूल गादीवर बसून त्याच्यामार्फत भीत असे आणि त्याच्यामार्फत सुटत असे. शक्तिमानमध्ये ती जागा रिकामी होती. नव्वदीच्या अखेरीस वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या की मुलांनी शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर स्वतःला आगीच्या, उंचीच्या संकटात लोटले. काही मुले गेल्याच्याही बातम्या होत्या. मुकेश खन्ना यांनी त्या बातम्या खोट्या असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. मालिकेत मात्र मुलांना थेट बजावणे सुरू झाले की असे काही करू नका. भागाच्या शेवटी चांगल्या सवयींचा एक छोटा पाठ असेच, त्यात हेही आले. प्रत्येक बातमीची शहानिशा इथून करता येणार नाही, पण त्या वेळी आमच्या गावातल्या आया गच्चीच्या जिन्याला कडी घालत, हे मी पाहिलेले आहे. रिकाम्या जागेवर आपले पोर जाऊन बसेल, ही भीती त्यांना कुठल्याही समीक्षकाआधी कळली होती.

आमच्या भागात तर गोष्टीचा थांबा ठरवणारा आणखी एक हात होता. अंबाजोगाईजवळच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यामुळे चित्र बरे दिसे, पण वीज असेल तर. मराठवाड्यात भारनियमनाची ती वर्षे ज्यांनी काढली त्यांना सांगायला नको. रविवारी दुपारी शक्तिमान हात वर करून फिरायला लागायचा आणि पडदा काळा व्हायचा. निवेदक नाही, प्रश्न नाही, पुढची वेळ नाही. पोरे उठत नसत. काळ्या काचेसमोर तशीच बसत. मग त्यांच्यातलाच एखादा पुढची गोष्ट स्वतःच्या मनाने सांगू लागे, आणि ती ऐकताना माझ्या लक्षात आले की तो सुटका फार लवकर करत असे. दोन वाक्यांत राक्षस मेला, गीता सुटली, संपले. आजोबांसारखेच, वाईट जागी ठेवायचे नाही.

त्या पोरांत अर्ध्याअधिकांचे आईबाप कारखान्यांवर असत. दसरा झाला की टोळ्या निघतात, दिवाळी कुणाची घरी तर कुणाची उसाच्या फडाशेजारच्या कोपीवर. परत येणे पाडव्याच्या आगेमागे किंवा त्याही नंतर. जी पोरे बरोबर जातात ती पहाटेच्या अंधारात मोळ्या, कोयते आणि ट्रॅक्टरच्या चाकांमध्ये वावरतात. जी मागे राहतात ती आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. वाट पाहण्याचा अभ्यास या मुलांइतका कुणाचा नसेल. बुधवार ते गुरुवार ही यांच्या लेखी वाटच नव्हे.

सुटका होणारच, हा ‘बॅटमन’ मालिकेचा अलिखित करार होता. कॉमिक्सने तो पुढे मोडला. मूळचा डिक ग्रेसन मोठा होऊन १९८४ मध्ये ‘नाइटविंग’ या नव्या नावाने वेगळा झाला होता. त्याची जागा जेसन टॉड या दुसऱ्या मुलाने घेतली. वाचकांना तो उद्धट वाटे. १९८८ साली संपादक डेनी ओनील यांच्या कार्यालयाने एक शक्कल काढली. जोकर जेसनला लोखंडी पहारीने मारतो, इमारतीत बॉम्बस्फोट होतो, इथे अंक संपला, आणि मागे दोन दूरध्वनी क्रमांक छापले. एक जगवण्यासाठी, एक मारण्यासाठी. दर फोनला पन्नास सेंट. १५ आणि १६ सप्टेंबर या दोन दिवसांत छत्तीस तास मतदान चालले. मारा म्हणणारे ५,३४३. जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोर मेले, आणि पुढच्या अंकात बॅटमन त्याचे शव हातांवर घेऊन उभा राहिला.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी, २ ऑक्टोबरला, आपल्याकडे बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू झाले. त्यात अभिमन्यू मरणार हे टीव्ही नसलेल्या वस्तीवरच्या म्हातारीलाही ठाऊक होते. कुणी फोन केला असता तरी काही बदलले नसते. म्हणून मला अमेरिकन वाचकांना दोष देताना जपावेसे वाटते. आपली परंपरा पोराला नेहमीच वाचवते असे नाही. अभिमन्यू जातो, घटोत्कच जातो, आणि घटोत्कच तर कर्णाची शक्ती खर्ची पडावी म्हणून जातो. त्याला पुढे करणारा कृष्णच. आमिष म्हणून पोर वापरणे हे फक्त अघासुराचे काम नाही, हे महाभारत लपवत नाही. पण त्या मरणाची किंमत कुणाकडून वसूल होते, हे कथा सांगत राहते. सुभद्रेचा आक्रोश आहे, अर्जुनाची प्रतिज्ञा आहे, दुसऱ्या दिवशीचा सूर्यास्त आहे. बहात्तर मतांमागे कुणाचा आक्रोश उभा करायचा?

मालिकेच्या तिसऱ्या वर्षी, सप्टेंबर १९६७ पासून, ‘बॅटमन’ आठवड्यातून एकदाच लागू लागली. बॅटगर्ल ही नवी जोडीदारीण आली. खर्च कमी केला, आणि बहुतेक कथा एका भागात संपू लागल्या. म्हणजे संकट आणि सुटका त्याच अर्ध्या तासात, आजोबांच्या नियमाप्रमाणे. प्रेक्षक गळत गेले आणि मार्चमध्ये मालिका बंद पडली. बंद पडण्याची कारणे बरीच होती, नावीन्य ओसरले हे त्यात मोठे. पण वही चाळताना तिसऱ्या वर्षाची पाने मला पातळ लागतात. रॉबिन तिथे कमी भितो. उद्गार काढतो, पण त्या उद्गारानंतर त्याला एकटे सोडून कुणी जात नाही.

भागवतातली अघासुराची गोष्ट जबडा फुटल्यावर संपत नाही. सुटलेले गोपाळ यमुनेकाठी शिदोऱ्या सोडून बसतात. वासरे लांब जातात, कृष्ण त्यांना शोधायला निघतो, आणि तेवढ्यात ब्रह्मदेव आधी वासरे आणि मग पोरेही पळवून झोपवून ठेवतो. कृष्ण त्या सगळ्यांची रूपे स्वतःच घेतो आणि संध्याकाळी घरोघरी जातो. आयांना काही कळत नाही, फक्त त्या दिवसापासून पोरावरची माया वाढते. असे एक वर्ष जाते. मग ब्रह्मदेव शरण येतो, खरी पोरे जागी होतात. त्यांच्या हातातला घास अजून हातातच असतो. ती कृष्णाला म्हणतात, बरा लवकर आलास, आम्ही अजून खाल्ले नाही. जेवण होते. परतताना वाटेवर अजगराचे वाळलेले कातडे पडलेले असते. घरी पोचल्यावर पोरे धावत आईकडे जातात आणि सांगतात, आज कान्ह्याने केवढा मोठा साप मारला, आणि आम्हाला त्याच्या तोंडातून काढले.